ऱ्हाइनच्या अल्याड, ऱ्हाइनच्या पल्याड

युरोपचे प्रवासवर्णन लिहावयास बसणाऱ्याने आज थोडा संकोच बाळगावा, अशी परिस्थिती आहे. एके काळी विलायतेस जाऊन आलेला मनुष्य गावात एखादाच असे आणि त्याने सांगितलेले सारे श्रोते तोंडात बोट घालून ऐकत. आता गल्लीगल्लीतील दोन घरांतली मुले परदेशी आहेत, आणि पॅरिसचा मनोरा व स्वित्झर्लंडचे बर्फ पर्यटन कंपन्यांच्या कृपेने आपल्यातील अनेक वाचकांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. तेव्हा तेच पुन्हा सांगण्यात हशील नाही. आम्ही युरोप ‘केला’ नाही. युरोपातल्या एका मध्यम गावी सहा आठवडे राहिलो. भाजी आणली, कचरा टाकला, नातवास बालवाडीत पोहोचवले आणि शनिवार-रविवार आला की डबा बांधून आगगाडीत बसलो. एवढ्या सामान्य दिनक्रमातही एका मराठी शिक्षकाच्या मनाला लागेल असे काही गवसले. ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच हेतू.

आमचा पेशा मास्तरकीचा. बेळगावातील एका सरकारी मराठी शाळेचे आम्ही मुख्याध्यापक. सेवानिवृत्तीस दोन वर्षे उरली आहेत. कन्या व जावईबापू नोकरीनिमित्त जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे राहतात. ‘आई-बाबा, नातू पाच वर्षांचा झाला, आता तरी या,’ हा कन्येचा लकडा मागे लागलेला होताच. अखेर २०२५ सालच्या उन्हाळी सुटीत आम्ही उभयतांनी प्रस्थान ठेवले. सरकारी नोकरास परदेशी जाण्यासाठी खात्याची लेखी परवानगी लागते. तो कागद हाती पडला, तेव्हाच अर्धा प्रवास झाल्यासारखे वाटले.

फ्रायबुर्ग हे गाव जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, काळ्या अरण्याच्या पायथ्याशी वसले आहे. अरण्य काळे म्हणायचे ते देवदार-सूचीपर्णी वृक्षांच्या दाट सावलीमुळे. गाव ११२० साली बाजारपेठ म्हणून स्थापन झाले आणि १४५७ साली तेथे विद्यापीठ निघाले. जुन्या गावातील रस्त्यांच्या कडेने दगडी पाट वाहतात. द्राइझाम नदीचे पाणी त्यांतून खेळवलेले असते. पूर्वी हे पाणी आगी विझवण्यास आणि जनावरांना पाजण्यास उपयोगी पडे. आता लहान मुले दोरीला बांधलेल्या लाकडी होड्या त्यांतून ओढत नेतात. चुकून ज्याचा पाय त्या पाटात पडेल, त्याचे लग्न फ्रायबुर्गच्याच मुलीशी किंवा मुलाशी होते, अशी तेथील समजूत आहे. आमच्या सौभाग्यवतीने हे ऐकल्यापासून आमचा हात धरूनच ते पाट ओलांडवले, हे नमूद केले पाहिजे.

गावाच्या मध्यभागी लाल वालुकाश्माचे भव्य मंदिर आहे. त्याचा मनोरा ११६ मीटर उंच. २७ नोव्हेंबर १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी या गावावर बाँब टाकले, सुमारे २८०० माणसे मेली, भोवतालची घरे जमीनदोस्त झाली. मनोरा मात्र उभा राहिला. त्याच्या शिल्पांचे वर्णन जाणकारांनी करावे. आमचे डोळे खिळले ते प्रवेशद्वाराच्या भिंतीवर. तेथे दगडात पावांचे आकार कोरलेले आहेत आणि त्यांच्याजवळ १२७०, १३१७, १३२० अशी साले आहेत. धान्याच्या व कोळशाच्या मापांच्या आकृती आहेत, कापडाचा गज आहे. मंदिरासमोरच बाजार भरतो, तो आजही रविवार सोडून रोज भरतो. पाव लहान वाटला, की गिऱ्हाइकाने तो उचलून भिंतीशी नेऊन ताडून पाहावा, अशी ही सोय! गावकुसाच्या न्यायनिवाड्याला देवाची साक्ष असे, हे आपण पुस्तकात वाचतो. येथे ती साक्ष दगडात उमटलेली दिसली. माप आणि मोजणी शिकवताना असा फळा कोणत्या शाळेस मिळेल?

आता घरगुती साहसांकडे वळू. जर्मनीत कचरा टाकणे हा एक अभ्यासक्रम आहे. कागद निराळा, ओला कचरा निराळा, वेष्टणे पिवळ्या पिशवीत, उरलेले चौथ्या ठिकाणी. काचेच्या बाटल्यांचे पुन्हा तीन भाग: पांढरी, हिरवी आणि तपकिरी, आणि त्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत टाकायच्या त्या रविवारी नव्हे, कारण आवाज होतो. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर पंचवीस सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातील यंत्राच्या तोंडात दिली की ते यंत्र ती गिळते आणि पावती बाहेर काढते. ती पावती दाखवून पैसे परत घ्यायचे. हे काम आमच्या नातवाने आपल्याकडे घेतले होते. त्याला यंत्रापर्यंत उचलून धरणे, हे आमचे काम. आमच्याकडे भंगारवाला दारोदार हिंडून जे करतो, तेच तेथे कायद्याने २००३ सालापासून चालते, एवढाच फरक.

रविवार तर तेथे पाळायचा वार आहे. दुकाने बंद, गवत कापण्याचे यंत्र बंद, भिंतीत खिळा ठोकणे बंद. पहिल्याच रविवारी सौभाग्यवतीने ओल्या खोबऱ्याची चटणी वाटण्यासाठी मिक्सर लावला आणि कन्या आतल्या खोलीतून धावत आली.

“आई, आज रविवार! खालच्या आजी सकाळी दहापर्यंत निजतात.”

“मग खलबत्त्यात कुटते.”

“आई!”

त्या दिवशी इडली दह्याशी खाल्ली. वरकरणी हा नुसता शिष्टाचार वाटेल. परंतु जावईबापूंनी सांगितले, की रविवारची विश्रांती जर्मनीच्या राज्यघटनेने संरक्षिलेली आहे. १९१९ सालच्या वायमार घटनेतील ते कलम १९४९ च्या घटनेत जसेच्या तसे घेतलेले आहे. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या आम्हांस ही माहिती चटणीपेक्षा रुचकर लागली. पुढे तर रविवारच्या त्या शांततेची सवय झाली. सकाळी फक्त घंटानाद आणि पक्षी. सौभाग्यवती म्हणाली, “अहो, आपल्याकडे असा एक वार असता तर बरं झालं असतं.” आम्ही म्हटले, “आपल्याकडे त्या दिवशीच सगळ्या लग्नाच्या वराती निघतात.”

भटकंतीचे सारे श्रेय एका तिकिटास आहे. १ मे २०२३ पासून जर्मनीने देशभरच्या स्थानिक गाड्या, ट्राम व बसगाड्यांसाठी एकच मासिक तिकीट सुरू केले. आरंभी त्याची किंमत ४९ युरो होती, आम्ही गेलो तेव्हा ५८ होती आणि जानेवारी २०२६ पासून ती ६३ झाली. वेगवान गाड्यांत ते चालत नाही. ते आमच्या पथ्यावरच पडले, कारण हळू चालणारी गाडी प्रत्येक स्टेशनवर थांबते आणि त्या त्या गावची माणसे चढतात, उतरतात. शाळकरी पोरे, सायकली, द्राक्षमळ्यात कामास जाणारे मजूर, कुत्री, सारे एका डब्यात. सहा वर्षांखालील मुलास तिकीट नाही, त्यामुळे नातू आमच्याबरोबर बिनखर्ची हिंडला.

पहिला शनिवार बासेलचा. फ्रायबुर्गहून दक्षिणेस तासाभराच्या आत गाडी तेथे पोहोचते. ज्या स्टेशनात आपण उतरतो, ते स्वित्झर्लंडच्या भूमीवर आहे, पण कारभार जर्मन रेल्वेचा. बासेल हे नाव बेळगाव, धारवाड, हुबळीकडच्या जुन्या माणसांस अपरिचित नाही. १८१५ साली या गावी जे मिशन स्थापन झाले, त्याची माणसे १८३४ मध्ये मंगळूरला आणि १८३७ मध्ये धारवाडला आली. त्यांतलेच एक फर्डिनांड किटेल. ते १८५३ मध्ये आले, कानडी शिकले आणि १८९४ मध्ये त्यांचा सत्तर हजारांवर शब्दांचा कानडी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. मराठीस मोल्सवर्थ, तसे कानडीस किटेल. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होता, हे खरेच. परंतु परक्याची भाषा इतकी मनःपूर्वक शिकणारा मनुष्य त्या भाषेचा ऋणको न राहता धनको होतो. मिशनच्या नावाच्या रस्त्यावर ती जुनी वास्तू अद्याप उभी आहे. आम्ही बाहेरूनच नमस्कार केला.

कौलांचीही एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. बेळगावातील आमचे वडिलोपार्जित घर मंगळुरी कौलांचे आहे. पावसाळ्यापूर्वी कौले चाळायची, फुटकी बदलायची, हा आमच्या बालपणीचा नित्य कार्यक्रम. मंगळुरात कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये काढला. एकात एक अडकणाऱ्या अशा कौलांचे पेटंट मात्र १८४१ साली जिलार्दोनी बंधूंनी घेतले होते. ते बंधू आल्टकिर्श गावचे. आणि आल्टकिर्श हे बासेलपासून जवळच, फ्रान्सच्या अल्सास प्रांतात आहे. म्हणजे आमच्या आजोबांनी ज्या छपराखाली ज्ञानेश्वरी वाचली, त्या छपराचे गोत्र ऱ्हाइनकाठचे! सौभाग्यवतीस हे सांगताच तिने तेथील छपरांकडे वर पाहिले आणि म्हणाली, “तरीच म्हटलं, ओळखीची वाटतात.”

बासेलला ऱ्हाइन नदी ओलांडण्यास पूल आहेत, तशाच चार तरीही आहेत. त्यांना इंजिन नाही, वल्हे नाही. नदीवर आडवी तार ताणलेली, त्या तारेवर सरकणारा दोर नावेस बांधलेला. नावाडी सुकाणू तिरपे करतो आणि प्रवाहच नावेस पैलतीरी ढकलतो. परतताना सुकाणू उलट्या बाजूस. बलांचे विघटन शिकवताना फळ्यावर आम्ही आयुष्यभर बाण काढत आलो; येथे त्या बाणांत बसून नदी ओलांडली. नातू मात्र नावाड्याच्या हाताकडे टक लावून पाहत होता. शेवटी त्याने निर्णय दिला: “आबा, नदीच ढकलते. ते काका नुसतं सांगतात तिला.” विज्ञानाची एवढी सोपी व्याख्या आम्हांस सुचली नसती.

दुपारी ट्रामने सीमा ओलांडली. बासेलची आठ क्रमांकाची ट्राम २०१४ पासून थेट जर्मनीतील वाइल गावी जाते. तेथून चालत गेले की नदीवर केवळ पायी व सायकलने जाणाऱ्यांसाठी बांधलेला पूल लागतो. सुमारे २३० मीटरची एकच कमान, २००७ साली उघडलेली. पुलाच्या या टोकास जर्मनी, त्या टोकास फ्रान्समधील ह्युनिंग आणि थोडे वरच्या अंगास स्वित्झर्लंड. पुलाच्या मध्यावर उभे राहून आम्ही धपाट्यांचा डबा सोडला. माणसे पिशव्या घेऊन या देशातून त्या देशात पाव आणायला चालली होती. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने बाची ओलांडली की शिनोळी लागते. तेथेही राज्य बदलते, पाट्या बदलतात. पण वाद पेटला की दोन्हीकडच्या बसगाड्या हद्दीवर थांबतात. २०२५ च्या फेब्रुवारीतही थांबल्या होत्या. सीमाप्रश्नाच्या न्याय-अन्यायाची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे, आणि सरकारी नोकराचा तो अधिकारही नव्हे. मात्र ज्या नदीसाठी दोन राष्ट्रांनी पाऊणशे वर्षांत तीन युद्धे केली, त्या नदीवर पाव आणण्यासाठी पूल बांधला जातो, हे पाहून मन विचारात पडते.

मधल्या एका रविवारी ब्रायझाखला गेलो. नदीकाठच्या टेकडीवरचे हे गाव एके काळी फ्रान्सकडे होते. १६९७ च्या तहात ते सोडावे लागले, तेव्हा चौदाव्या लुईने पलीकडच्या तीरावर अष्टकोनी किल्ल्याचे नवेच गाव बांधवून घेतले. एका गावासाठी दुसरे गाव! त्याविषयी अधिक लिहीत नाही. कारण ज्या दिवसाविषयी लिहायचे म्हणून हा लेख हाती घेतला, तो दिवस स्ट्रासबर्गचा.

मे महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी पहाटे निघालो. ओफेनबुर्गला गाडी बदलून केल येथे उतरलो. केल जर्मनीत, समोर ऱ्हाइन, आणि पलीकडे फ्रान्समधील स्ट्रासबर्ग. २०१७ पासून स्ट्रासबर्गची ट्राम नदी ओलांडून केलपर्यंत येते. ज्या पुलावरून ती येते, त्यास बेआटुस ऱ्हेनानुस या सोळाव्या शतकातील एका पंडिताचे नाव दिलेले आहे. सेनापतीचे नव्हे, राजाचे नव्हे, ग्रंथ संपादणाऱ्या माणसाचे. आमची मान आपोआप ताठ झाली.

स्ट्रासबर्गच्या मंदिराचा मनोरा १४२ मीटर उंच असून १६४७ ते १८७४ या काळात जगात त्याहून उंच इमारत नव्हती. आत एकोणिसाव्या शतकातील भलेमोठे खगोल-घड्याळ आहे. दुपारी साडेबारा वाजता त्यातल्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि कोंबडा आरवतो. नातवाने ते पाहण्यासाठी आम्हांस तासभर उभे केले. पण आमचे लक्ष वेधले रस्त्यांच्या पाट्यांनी. जुन्या गावात प्रत्येक पाटीवर दोन नावे: वर फ्रेंच, खाली दुसरेच काही. कन्या जर्मन जाणते. तिने वाचून पाहिले. “बाबा, हे जर्मन नाही, पण कळतं.” ती अल्सेशियन बोली होती.

या बोलीची कथा शिक्षकांनी ऐकावी अशी आहे. ऱ्हाइनच्या दोन्ही तीरांवर, फ्रायबुर्गच्या बाजूस काय आणि अल्सासच्या बाजूस काय, खेड्यापाड्यांत मुळात एकाच घराण्यातली बोली बोलली जाई. अल्सास १८७१ मध्ये फ्रान्सकडून जर्मनीकडे गेला, १९१८ मध्ये फ्रान्सकडे आला, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीने घेतला आणि १९४५ मध्ये पुन्हा फ्रान्सचा झाला. आपल्या गावाची वेस न ओलांडता एकाच आयुष्यात चार वेळा राष्ट्र बदललेली माणसे तेथे होऊन गेली. प्रत्येक वेळी प्रथम काय बदलले? शाळेची भाषा. १९४० नंतर तर नाझी राजवटीने फ्रेंच बोलण्यास बंदी केली, रस्त्यांची आणि माणसांचीदेखील नावे बदलली. १९४५ नंतर उलट चक्र फिरले आणि प्राथमिक शाळांतून जर्मन काढून टाकण्यात आले. बोलीस मात्र दोन्ही वेळा कोणी वाली नव्हता.

फ्रेंच लेखक आल्फोन्स दोदे यांची ‘शेवटचा पाठ’ ही गोष्ट केंद्रीय मंडळाच्या बारावीच्या इंग्रजी पुस्तकात असल्याने आपल्यातील अनेक घरांत ठाऊक असेल. ती १८७३ सालची. उद्यापासून अल्सासच्या शाळेत जर्मनच शिकवावी, असा हुकूम आल्यावर फ्रेंचचा शेवटचा तास घेणारा तो वृद्ध शिक्षक! तरुणपणी ही गोष्ट वाचून आमचे डोळे पाणावले होते. सीमाभागातल्या शिक्षकास ती परकी वाटणारच नाही. परंतु त्या गोष्टीत एक गोष्ट सांगितलेली नाही. त्या बाकांवर बसलेल्या खेड्यातल्या मुलांपैकी बहुतेकांच्या घरची बोली फ्रेंच नव्हतीच. ती अल्सेशियन होती. जी गेली ती भाषा शाळेची, जी आली ती भाषाही शाळेची. आईच्या भाषेला त्या वर्गात ना पहिला पाठ मिळाला, ना शेवटचा. हे आम्हांस स्ट्रासबर्गच्या पाट्या पाहीपर्यंत जाणवले नव्हते.

दुपारी गणराज्य चौकातील बागेत बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक वृद्ध बाई होत्या. वय पंच्याऐंशीच्या घरातले, हातात काठी, पायांशी भाजीची पिशवी. नातवाची लाकडी होडी घरंगळत त्यांच्या पायांशी गेली. त्यांनी काहीतरी विचारले. नातवाने, बालवाडीत बोलतो तसे, जर्मनमध्ये उत्तर दिले. बाई क्षणभर स्तब्ध झाल्या आणि मग भरभरून बोलू लागल्या. त्या बोलत होत्या आपली अल्सेशियन, हा बोलत होता फ्रायबुर्गकडची जर्मन, आणि दोघांचे छान जमले. थोड्या वेळाने नातू वळून आम्हांस म्हणाला, “आबा, त्या आजी म्हणतात, त्यांच्या नातवंडांना हे बोलता येत नाही. मला येतं.”

मग कन्येने दुभाषाचे काम केले. बाईंचे शालेय जीवन युद्धानंतरचे. वर्गात तोंडातून बोलीतला शब्द निघाला, की ‘मी अल्सेशियन बोलणार नाही’ असे पन्नास वेळा लिहावे लागे. पुढे त्यांना मुले झाली, तेव्हा त्यांनी ठरवले, की आपल्या वाट्याला आले ते मुलांच्या वाट्याला नको. घरात फ्रेंच सुरू केली. मुले शिकली, मोठी झाली, पॅरिसला गेली. “आता माझ्या भाषेत बोलायला शेजारीण होती, ती गेल्या वर्षी वारली,” असे त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. पाऊस पडला, असे सांगावे तसे सांगितले. निघताना त्यांनी आमच्याकडे बोट करून नातवाला विचारले, “यांच्याशी कोणती भाषा बोलतोस?” तो म्हणाला, “मराठी.” बाईंना ते नाव ऐकून ठाऊक नव्हते. त्यांनी ते दोनदा उच्चारून पाहिले, मान डोलावली आणि काठी टेकीत ट्रामकडे गेल्या.

त्याच चौकात एक स्मारक आहे, १९३६ साली उभारलेले. लढाईची स्मारके आम्ही पुष्कळ पाहिली. तलवार, ध्वज, विजयदेवता. येथे एक माता बसली आहे आणि तिच्या मांडीशी तिचे दोन मृत्युपंथास लागलेले पुत्र आहेत. एक फ्रान्सच्या बाजूने लढला, दुसरा जर्मनीच्या. म्हणून दोघांच्याही अंगावर गणवेश नाही. दोघांचे हात एकमेकांत गुंतले आहेत. लेखात ‘देशासाठी’ हा शब्द नाही, कारण कोणत्या देशासाठी ते त्या मातेला सांगता येण्यासारखे नाही. पुढच्या युद्धात तर अल्सास आणि शेजारच्या मोझेल भागातील सुमारे एक लाख तीस हजार तरुणांस जर्मन सैन्यात सक्तीने भरती केले गेले. सौभाग्यवती त्या मूर्तीसमोर बराच वेळ उभी राहिली. तिला इतिहास ठाऊक नव्हता. आम्ही सांगू लागलो, तर तिने हातानेच थांबवले.

याच शहरात युरोपची संसद भरते. प्रादेशिक व अल्पसंख्य भाषांच्या रक्षणाचा युरोपीय करारही येथेच, ५ नोव्हेंबर १९९२ रोजी, सह्यांसाठी खुला झाला. जर्मनीने तो १९९८ मध्ये मान्य केला. फ्रान्सने १९९९ मध्ये सही केली खरी, पण तो अजून अंगीकारलेला नाही. म्हणजे ज्या गावी करार झाला, त्या गावच्याच बोलीला त्याचे छत्र नाही! आपल्या घटनेत १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ३५० अ हे कलम आले, आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करावी, असे त्यात म्हटले आहे. आमची शाळा त्या कलमाच्या सावलीत उभी आहे. ही सावली किती मोलाची, हे आपल्या अंगणात बसून कळत नाही.

परतताना ट्रामने नदी ओलांडली आणि केलला दोन पोलीस चढले. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सर्व भू-सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली होती. त्यांनी विनयाने पासपोर्ट मागितले, पाहिले, परत दिले. पूल बांधला म्हणजे सीमा पुसली, असे होत नाही. तीही पुन्हापुन्हा डोके वर काढते. नातवाने मात्र त्या पोलिसांस आपली होडी दाखवली आणि एकाने ती सलाम ठोकून परत केली.

नातवाच्या भाषेविषयी सांगितले पाहिजे. “आबा, ट्राम आली, आइनश्टाइगन करा!” असे तो बोलतो, म्हणजे ‘चढा’. प्रथम कानाला खटकते. पण कानडी शब्दाला मराठी प्रत्यय लावून बोलणे आम्हा बेळगावकरांस नवे नाही, आणि त्यामुळे आमची मराठी मेली नाही. कन्येच्या मनात मात्र शंका होती, की घरात दुसरी भाषा बोलल्याने मूल शाळेत मागे पडेल का. तिच्या बालवाडीतल्या बाईंनीच तिला सांगितले, की जर्मन आम्ही शिकवू. तुम्ही घरी त्याच्याशी तुमच्याच भाषेत बोला, जी तुम्हांला पूर्ण येते ती. सत्तर वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या शाळेत पन्नास ओळी लिहायला लावत होते. आज नदीअलीकडची बालवाडी परक्या मुलाच्या आईस हे सांगते. तेवढ्याच अंतरात शाळा किती दूर चालून गेली!

मे अखेरीस परतलो आणि शाळा उघडली. पहिलीचा पट दरवर्षी आटतो आहे, हे सीमाभागातल्या कोणत्याही मराठी शिक्षकास नव्याने सांगायला नको. नाव घालायला आलेल्या एका बाईंनी विचारले, “सर, मराठीत घातलं तर पोराचं पुढं नुकसान नाही ना होणार?” गेली तीस वर्षे या प्रश्नास आम्ही कलमांनी आणि परिपत्रकांनी उत्तर देत आलो. यंदा आम्ही त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि स्ट्रासबर्गच्या त्या आजींची हकीकत सांगितली. बाईंनी ऐकून घेतले. मुलाचे नाव घातले की नाही, हे येथे लिहीत नाही. कारण निर्णय त्यांचा आहे, आणि तो करताना त्यांच्यापुढे नोकरीची, पैशाची, इंग्रजीची खरी काळजी उभी आहे. तिला कमी लेखू नये.

परंतु इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद, गोवा आणि आमच्या सीमाभागातील आपल्या सर्व घरांस एक सांगावेसे वाटते. शाळेची भाषा आपल्या हाती नेहमी असतेच असे नाही. ती राज्यागणिक, काळागणिक बदलते. जेवणाच्या पानावरची भाषा मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. तिच्यासाठी ना परवानगी लागते, ना परिपत्रक. आमची सौभाग्यवती दर रविवारी सकाळी फोनवर नातवास एक गोष्ट सांगते, सध्या चिमणी-कावळ्याची चालू आहे. कावळ्याचे घर शेणाचे, येथे तो दर वेळी अडतो आणि शेण म्हणजे काय ते विचारतो. फ्रायबुर्गात शेण दाखवावयास मिळत नाही. तरी तो विचारतो, आणि तीही सांगते.